नाकावरचे फडके



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'साथीच्या काळातील मास्कचे भांडण' असे सांगितले आणि ते जरा हसले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, लेव्हीवर बोलेल, फार तर मे दिनाच्या इतिहासावर बोलेल. त्याला या डॉक्टरी विषयाशी काय कर्तव्य? पण मी डॉक्टरीवर बोलणार नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते पोत्यांच्या थप्पीला टेकून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मी बोलणार आहे ते भांडणावर. भांडण हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे; आणि एखादे भांडण वरवर कशावरून दिसते आणि आतून कशावरून चाललेले असते, एवढे ओळखायला मी त्या धंद्यात शिकलो आहे.

आपल्या वाशीच्या मसाला बाजारात आपण कधी मिरचीची गाडी खाली होताना पाहिली आहे काय? गोणी पाठीवरून थप्पीवर पडली की जो खकाणा उठतो, त्याने नवख्या माणसाचा जीव कासावीस होतो. तेथला हमाल २०२० च्या कितीतरी आधीपासून नाकातोंडाला फडके बांधीत आला आहे. त्याला कोणी हुकूम केला नव्हता, कोणी पावती फाडली नव्हती. बाजारातल्या कित्येक जैन व्यापाऱ्यांचे साधूही तोंडाला मुहपत्ती बांधतात. तीही कोणाच्या धाकाने नव्हे. आणि तोच हमाल २०२० च्या जूनमध्ये बाजाराच्या दारावर, तेच फडके नाकावर घेण्यावरून हुज्जत घालीत होता. फडके तेच, नाकही तेच. मग बदलले काय?

याचे उत्तर शोधायचे तर खाडी ओलांडून मुंबईत, आणि सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. मांडवी आणि मस्जिद बंदर हे आपल्या दाणाबाजाराचे माहेर. तेथल्या वखारी, तेथले व्यापारी आणि तेथले माथाडी १९९० च्या सुमारास वाशीला आले. या मांडवीतच २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. धान्याच्या वखारी तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे पिसवा. पण पिसवांचा हा दोष त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हता; पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने तो कराचीत दाखवला १८९८ मध्ये. तोवर सरकारने घरे धुतली, चुना फासला, गटारांत कार्बोलिक ओतले. ज्ञान अर्धे होते, हुकूम मात्र पुरा होता.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी जाहीरनामा काढला : प्लेगचा रोगी सक्तीने इस्पितळात नेला जाईल. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. गोऱ्या साहेबाच्या इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी गिरणगावाची समजूत होती; आणि मरायला टेकलेले रोगीच तेथे पोचत असल्याने ती समजूत रोज खरी ठरत होती. जाहीरनामा लगेच सैल करण्यात आला. त्याचे कारण मला फार बोलके वाटते. दंगलीची भीती तर होतीच. पण स्नो साहेबांची मोठी काळजी ही होती, की शहराचे भंगी आणि बिगारी कामगार घाबरून पळून गेले तर मुंबई राहण्याच्या लायकीची उरणार नाही. ज्याला एरवी कोणी विचारीत नसे, त्या झाडूवाल्याने तोंडातून शब्द न काढता हुकूम मागे घ्यायला लावला. आमच्या इतिहासात याला संप म्हणत नाहीत, मी म्हणतो.

पुढे शहरच पळाले. आठ लाखांवर वस्तीतून साडेतीन लाखांहून अधिक माणसे हिवाळ्यात निघून गेली. माणसे टिकवण्यासाठी गिरणीमालकांना रोजचा पगार रोज द्यावा लागला आणि नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागली. (हे त्यांना साथीशिवायही जमले असते, पण ते असो.)

अशा वेळी सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी एक कायदा केला : साथीच्या रोगांचा कायदा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा, अर्ध्या तासात वाचून होतो. पहिल्या कलमात नाव. दुसऱ्यात सरकारला वाटतील ते नियम करण्याचा अधिकार. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात अंमलदाराला संरक्षण, म्हणजे त्याने सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. मी कराराची कलमे वाचण्यात आयुष्य घालवले आहे; या करारात एका पक्षाचे सर्व हक्क आहेत आणि दुसऱ्या पक्षाचे फक्त कर्तव्य. रोग्याच्या घरच्या चुलीचे काय, बुडालेल्या रोजाचे काय, याबद्दल अक्षर नाही.

पुण्यात या कायद्याखाली रँड साहेबाने काय केले ते आपण शाळेत शिकलो आहोत. गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, देवघरांत बूट गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. पण त्या कथेची दुसरी बाजू आपण कमी सांगतो. टिळकांचा राग विलगीकरणावर नव्हता, ते ज्या रीतीने चालले होते तिच्यावर होता. ते स्वतः पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढे झाले, आणि गाव सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी फटकारले. हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांचा दवाखाना चालू होता. तेथे रोगी नेता नेता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्यात नेण्यासाठी कोणाच्या दारावर संगिनी लागल्या नाहीत.

मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील एका विणकर घरातून आजारी मुलीला नेण्यावरून मोठा दंगा झाला. त्यानंतर सरकारची रीत हळूहळू बदलली. निरनिराळ्या जमातींना आपापली इस्पितळे काढू दिली, तपासणीत वस्तीतली माणसे घेतली. रोग तोच होता आणि माणसेही तीच होती.

आता मास्ककडे येतो. साथीत सर्वांनी तोंडाला पट्टी बांधण्याची चाल पाडली ती डॉ. वू लिएन-ते यांनी. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला आणि सुमारे साठ हजार माणसे गेली. हा रोग श्वासावाटे पसरतो, असे या तरुण चिनी डॉक्टराचे म्हणणे. त्याने जाळीच्या कापडात कापूस घालून पट्टी बनवली. मेस्नी नावाचे वयस्क फ्रेंच डॉक्टर मदतीला आले होते. त्यांना कालच्या पोराचे हे शहाणपण रुचले नाही. ते पट्टीवाचून रोग्यांच्या खोलीत गेले आणि थोड्याच दिवसांत वारले. पाहा, मास्कचे पहिले मोठे भांडण अडाणी लोकांनी केले नाही, डॉक्टराने डॉक्टराशी केले.

१९१८ चा इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला. जूनमध्ये गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने पडले, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसे गेली. त्याच काळात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने मास्क सक्तीचा केला. न बांधणाऱ्याला पाच डॉलर दंड किंवा कोठडी. ऑक्टोबरात लोक झेंडे लावल्यासारखे मास्क मिरवीत होते. नोव्हेंबरात सक्ती उठली, जानेवारी १९१९ मध्ये पुन्हा आली. आणि तेव्हा तेथे चक्क मास्कविरोधी संघ निघाला, त्याच्या सभेला हजारो माणसे जमली. पहिल्या वेळी निमूटपणे बांधणारी हीच माणसे. एकदा संपले म्हणून सांगितलेले संकट पुन्हा सुरू झाले म्हणून सांगितले, की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो.

हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण २०२० मध्ये तो गुन्हा मी स्वतः केला. मार्च महिन्यात सरकारी सूचना अशी होती, की मास्क फक्त आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला हवा. मी टेंपोवर भोंगा लावून पाचही बाजारांत तेच ओरडत फिरलो. एप्रिलच्या सुरुवातीला दिल्लीहून घरचे कापड बांधण्याचा सल्ला आला, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला, १५ एप्रिलला केंद्राने देशभर. जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला तो ५ जूनला. मी पुन्हा टेंपोवर चढलो आणि उलटे ओरडू लागलो. खालून जुन्नरकडचा एक म्हातारा माथाडी म्हणाला, "तात्या, आधी ठरवून या, मग भोंगा लावा." लोक हसले. मलाही हसावे लागले, पण रात्री झोप आली नाही.

मे महिन्यात बाजारात रोगी वाढले आणि ११ ते १७ मे बाजार बंद राहिला. उघडला तेव्हा दारावर तपासणी. आता आपण दृश्य डोळ्यांपुढे आणा. जूनचा उकाडा, पाठीवर ५० किलोंचे पोते, गाडीपासून गाळ्यापर्यंत फळी. दहा खेपांत कापडी मास्क घामाने ओला होतो आणि नाकाला चिकटतो. ओल्या कापडातून दम घेता येत नाही. माणूस तो हनुवटीखाली ओढतो, आणि नेमका तेव्हाच तपासनीस येतो. पावती. एका गड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मी त्याची समजूत घालायला गेलो तर तो म्हणाला, "तात्या, तुम्ही एक पोतं घ्या पाठीवर, फळी चढा, आन् मग सांगा." मी पंचवीस वर्षांनी पोते घेतले. तिसऱ्या खेपेला माझाही मास्क हनुवटीखाली होता.

गंमत अशी, की व्यायाम करताना मास्क बांधू नये, घामाने तो भिजतो आणि श्वासाला अडथळा होतो, असे जागतिक आरोग्य संघटनाच त्या दिवसांत सांगत होती. पळणाऱ्या शेठजींसाठी ही सवलत होती. पोते वाहणे हा व्यायाम आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पण म्हणून आमच्या गड्यांचे सगळे खरे होते असे मी म्हणणार नाही. काही जण रोगच खोटा म्हणत. 'आपण घाम गाळणारी माणसं, आपल्याला काही होत नाही' ही फुशारकी मी रोज ऐकली. जूनअखेर आमच्या टोळीतला एक माणूस तापाने पडला, आठ दिवसांत गेला. त्याला पाहायला कोणाला जाता आले नाही. दुसऱ्या दिवशी टोळी आपणहून बसली आणि मुकादमाने तोडगा काढला : ओझे पाठीवर असताना, उघड्या धक्क्यावर, मास्क खाली चालेल, मात्र दोन गड्यांत अंतर राखायचे, गाळ्यात, चहाच्या टपरीवर, जेवताना एकत्र बसण्याआधी आणि घरी जाताना गाडीत मास्क वर पाहिजेच. ज्याचा खाली दिसेल त्याने टोळीला चहा पाजायचा. प्रत्येकाला दिवसाला दोन कोरडे मास्क, खर्च अर्धा गाळेवाल्यांचा, अर्धा टोळीचा. गाळेवाल्यांशी त्यावरून आठ दिवस भांडावे लागले ते निराळे. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमती बांधल्या, साधा तीन-चार रुपयांना आणि एन-९५ १९ ते ४९ रुपयांना, तेव्हा ते भांडण सोपे झाले. हीच गोष्ट एप्रिलमध्ये व्हायला हवी होती. एप्रिलपासून ज्याच्यावर पावत्या फाडल्या, त्याला मास्क काय भावाने मिळतो हे पाहायला सरकारला सहा महिने लागले.

वरच्या पातळीवरचे भांडण आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे 'मी जबाबदार' म्हणा असे राज्याला सांगत होते, आणि त्याच महिन्यात, मराठी भाषा दिनाला, त्यांचे चुलत बंधू राज ठाकरे शिवाजी पार्कवर मास्कवाचून उभे राहून आपण तो घालीतच नाही असे पत्रकारांना सांगत होते. एकाच घराण्यात दोन मते असायला माझी हरकत नाही. पण पुढाऱ्याच्या उघड्या तोंडाची पावती फाडायला तपासनीस गेला नाही आणि हमालाच्या हनुवटीला तो विसरला नाही, हे आमच्या धक्क्यावर त्या दिवशी मोठ्याने बोलले गेले.

मास्कने नेमका किती उपयोग झाला, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. शेजारच्या बांगलादेशात ६०० गावांत, साडेतीन लाखांच्या आसपास माणसांवर याची तपासणी झाली. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, वस्तीतल्या मानल्या जाणाऱ्या माणसांकडून, इमामांकडून लोकांना समजावले. मास्क नीट घालणाऱ्यांचे प्रमाण शंभरात १३ वरून ४२ पर्यंत गेले. डॉक्टरी मास्क वाटलेल्या गावांत तापखोकल्यासह सिद्ध झालेला रोग सुमारे शंभरात अकराने कमी आढळला. कापडी मास्कचा फायदा मात्र खात्रीने दाखवता आला नाही. म्हणजे आम्हाला ज्या कापडी फडक्यासाठी पावत्या फाडल्या, त्याचा गुण सर्वांत संशयास्पद. आणि ज्या मास्कचा गुण दिसला, तो आम्हाला कोणी दिला नव्हता.

मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, उठली. त्या दिवशी बाजाराच्या दारावरचे टेबल हलले. १८९७ चा कायदा मात्र अजून जागेवर आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, डॉक्टर आणि परिचारिकांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा ठेवली. ते योग्यच झाले. रोज बुडालेल्या माणसाबद्दल त्यात अजूनही ओळ नाही. माथाडींच्या १९६९ च्या कायद्यासाठी अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सोबत्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. या दुसऱ्या कायद्यात एक पाचवे कलम घालावे, साथीत ज्याच्यावर नियम लादाल त्याला नियम पाळण्याचे साधन आणि बुडालेली मजुरी द्यावी, असा मसुदा आम्ही काही जणांनी एका रविवारी लिहून काढला. तो दोन पानांचा आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांच्यासाठी मी त्याच्या प्रती आणल्या आहेत. सही करण्याची सक्ती नाही.