डालकोव्स्की: वेग आणि दिशा

* स्टीव्ह डालकोव्स्की (१९३९–२०२०), बेसबॉलमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या दुय्यम संघांतला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडूफेक करणारा. चेंडूफेकीतला त्याचा स्वैरपणा उपजत आणि असाध्य होता, हे प्रचलित मत आकड्यांपुढे टिकत नाही. १९६० साली स्टॉकटन संघाकडून १७० डावांत त्याचे स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, २६२ आणि वॉक, म्हणजे दिशाहीन चेंडूंपायी फुकट बहाल केलेले पहिले बेस, तेही २६२! मात्र १९६२ मध्ये एल्मायरा संघात व्यवस्थापक अर्ल वीव्हरच्या हाताखाली १६० डावांत वॉक ११४ वर उतरले; स्ट्राइकआउट तरीही १९२. एका हंगामावरून काय सिद्ध होते, असे कोणी म्हणेल. पण १९६३ च्या सराव-सामन्यांत, मुख्य संघाचे दार उघडत असतानाच, त्याचे कोपर दुखावले. पुढचा पुरावा मिळाला नाही तो त्यामुळे.