खारीच्या पाठीवरचे पट्टे

वैनगंगेकाठच्या वडशास असो वा मुंबईस, खार कोणी पाहिली नाही? पण तिचे पट्टे कितीजणांनी मोजले?

तीन पट्ट्यांच्या खारीस स्वीडनच्या लिनियसने १७६६ साली शास्त्रीय नाव दिले. पाच पट्ट्यांची खार निराळी, हे राटन यांनी १९०५ साली नोंदविले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात त्यांची नोकरी झाली होती. एवढ्यास १३९ वर्षे लागली!

पहिली बहुधा झाडीत रमते; दुसरी कोरड्या मुलखात, मनुष्यवस्तीजवळ. दोघीही दिवसा फिरतात, फळे, बिया व किडे खातात. चाहूल लागताच शेपटी झटकीत चिरकतात.

रामाची बोटे म्हणून ज्या पट्ट्यांचे आपण कौतुक केले, ते मोजावयाचे मात्र राहूनच गेले.