वीणेचा गंधार, पेटीचा गंधार

माउली, भजनाला उभे राहाल तेव्हा जरा वीणेकऱ्याच्या जवळ थांबा. षड्जाची तार नीट मिळाली की तिच्यातूनच बारीक गंधार उमटतो. तो कोणी वाजवीत नाही. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता पेटीवरचा गंधार ऐका. तो किंचित चढा लागतो, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने. पेटी युरोपातली. तिथे कोणत्याही पट्टीत वाजवता यावे म्हणून सप्तकाचे 12 सारखे भाग पाडले. पंचम जवळजवळ शाबूत राहिला, गंधार मात्र दुखावला.

आपल्या माणसांना हे खटकले होतेच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 22 श्रुतींवर 1910 मध्ये ग्रंथ लिहिला; क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशासह त्यांनी श्रुतिपेटीही घडवून घेतली. ती काही रुळली नाही. 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती 1971 मध्ये सैल झाली.

भजनात पेटी राहिली, आणि राहावी. शंभर गळ्यांना तिचा आधार आहे. पण अभंगाची संथ चाल चालू असते, गंधारावर मुक्काम होतो, तेव्हा पेटीवाल्याने भाता हलका ठेवावा. तेवढ्यात वीणा ऐकू येते.