तंबाखूचा घरचा पुरावा



आज बोलावयाचे आहे ते तंबाखूच्या इतिहासाविषयी. परंतु आरंभ आमच्याच एका चुकीपासून केलेला बरा. २०१५ सालच्या मार्चमध्ये, तंबाखूच्या पुड्यांवर इशाऱ्याचे चित्र केवढे छापावे, हा वाद दिल्लीत पेटला होता. पुड्याचा ८५ टक्के भाग चित्राने व्यापावा, असा केंद्र सरकारचा आदेश १ एप्रिलपासून अमलात यावयाचा होता. त्याचा विचार करणाऱ्या लोकसभेच्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या शेजारच्या नगरचे त्यावेळचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असे दाखविणारा अभ्यास भारतात झालेलाच नाही, झाले ते सारे परदेशांत, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले. देशभर टीका झाली.

टीका करणाऱ्यांत आम्ही नव्हतो. त्या काळी आम्ही विडी वळणाऱ्या बायांच्या संघटनेचे काम करीत होतो आणि आमच्या एका पत्रकात हेच वाक्य जवळजवळ ह्याच शब्दांत छापलेले होते. लिहिणारेही आम्हीच. चित्र मोठे झाले की विडी खपणार नाही, आणि विडी खपली नाही की हजारामागे मिळणारी मजुरी बुडेल, एवढाच हिशेब डोक्यात होता. महिन्यापूर्वीच आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. तरीही ते वाक्य तपासून पाहावे असे आम्हांस वाटले नाही. तपासावयास लावले ते आमच्याच एका सभासद बाईने. तिचा नवरा तोंडाच्या दुखण्याने बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात होता. पत्रक हातात घेऊन ती म्हणाली, "भाऊ, हा कागद बार्शीला नेऊन डॉक्टरला दाखवू का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने मग इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले, तेच आज सांगावयाचे आहे.

तंबाखू ह्या देशात आणली पोर्तुगीजांनी, आणि दिल्ली-आग्र्याच्या आधी ती आपल्या दक्षिणेत रुळली. अकबराचा दरबारी असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. ह्याची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. बादशहाने कौतुकाने झुरके घेतले. त्यावर दरबारच्या हकिमाने हरकत घेतली ती अशी, की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, आपल्या जाणत्यांनी ती पारखलेली नाही. मग फिरंग्यांच्या मागे का जावे? असद बेगने वाद घालून त्याला गप्प केले. जहांगीराने १६१७ साली बंदीचे फर्मान काढले, त्याचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. तिकडे इंग्लंडात राजा जेम्सने १६०४ साली तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावर जबर कर बसविला. निषेध आणि वसुली ही जोडी तेव्हापासूनची आहे.

हकिमाचे म्हणणे मात्र ध्यानात ठेवावे. आपल्या माणसांनी पारखल्याशिवाय वस्तू घेऊ नका, असे तो म्हणत होता. चारशे वर्षांनी आम्ही तोच मुद्दा उलटा केला: आपल्या माणसांनी पारखले नाही, सबब वस्तू चालू द्या.

वस्तुतः आपल्या माणसांनी ती पारखलेली होती. डॉल आणि हिल ह्यांनी इंग्लंडात सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविला तो १९५० साली. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू होते. तेथील रुग्णांच्या सवयींची छाननी करून संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९५५ साली लेख प्रसिद्ध केला. ओढणाऱ्यांना रोग घशाच्या बाजूला अधिक, खाणाऱ्यांना तोंडात अधिक, असा त्याचा रोख होता. म्हणजे घास जेथे ठेवावा तेथे घाव. हा लेख आमच्या जन्माच्याही आधीचा!

परंतु रुग्णालयात येतो तो आधीच आजारी पडलेला माणूस. गावात काय चालले आहे, हे पाहावयाचे तर गावातच जावयास हवे. हे काम डॉ. फली मेहता ह्या दंतवैद्याने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९६६-६७ साली त्यांनी देशातील पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन पन्नास हजारांवर माणसांची तोंडे तपासली. त्यानंतर आपल्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तपासणी झाली आणि तिचा वृत्तांत १९७२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग-नियतकालिकात आला. एक लाख माणसांना आ करावयास लावणे काय असते, ते सभासदत्वाची पावती फाडण्यासाठी दारोदार हिंडलेला माणूसच जाणे. कर्करोगाच्या आधी तोंडात जे पांढरे चट्टे उठतात, ते प्रामुख्याने तंबाखूची सवय असलेल्यांतच सापडले. आपल्या नगर जिल्ह्याची हद्द पुण्याला लागूनच आहे. अभ्यास परदेशात झाला, असे आम्ही लिहिले ते ह्या गावांपासून एका मुक्कामाच्या अंतरावर बसून.

ही मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. सवय सुटते का, हेही त्यांनी पाहिले. तीन जिल्ह्यांतील ३६,००० तंबाखूकरांना वर्षानुवर्षे भेटून समजाविले. सोडणारे वाढले आणि चट्टे कमी झाले. हा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी, १९८७ साली, बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम ह्या आपल्यासारख्याच कोरडवाहू तालुक्यांत माणूस कशाने गेला, हे वहीत येऊ लागले.

पुरावा खेड्यातील तोंडांचा होता, आणि कायदा झाला तो सिगारेटचा! १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापला. विडीच्या कट्ट्यावर नाही, तंबाखूच्या पुडीवर नाही. गरिबाच्या विडीला हात लावू नये, असा युक्तिवाद होता आणि तो आम्हांसारख्यांना गोड लागे. विडी ओढणाऱ्याला सिगारेटवाल्यापेक्षा धोका कमी नाही, अधिकच आहे, हे पुढे मुंबईतल्याच मोठ्या पाहणीत दिसले. सर्व प्रकारच्या तंबाखूला एकच कायदा यावयास २००३ साल उजाडले. सार्वजनिक जागी धूम्रपानावरील बंदीचे कडक नियम २००८ साली आले. आपल्या राज्याने २०१२ साली गुटखा बंद केला. तो कोठे व कसा मिळतो, हे ह्या सभेत सांगण्याची गरज नाही. चित्राचा आदेश वर्षभर अडला आणि १ एप्रिल २०१६ रोजी लागू झाला.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. म्हणून 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी आपल्या एस.टी. स्थानकावर कितीही ठळक लावली, तरी ती चुना मळणाऱ्याला उद्देशून नसते. ऊसतोडीच्या फडावर चला. पहाटे कोपीत चूल पेटण्याआधी तव्यावर मिशेरी भाजली जाते. बाई म्हणते, दात घासते. वस्तुतः ती भूक मारते, कारण गाडी भरेपर्यंत भाकरीला वेळ नाही. तीच गरोदर असली, तर? तंबाखू खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने कमी भरतात, हे मुंबईच्या एका अभ्यासाने १९७८ सालीच दाखविले होते. मुकादमाशी उचलीचा हिशेब करताना आम्ही ह्याविषयी कधी अवाक्षर काढले नव्हते. उलट आमच्या बैठकीत आधी पुडी फिरायची, मग विषय निघायचा.

आता विडी वळणाऱ्या बायांचे. पान विदर्भाच्या जंगलातले, तंबाखू निपाणीची वा गुजरातेतली, आणि हात नगर, सिन्नर, सोलापूरच्या बायांचे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने आणि १९७६ च्या कल्याण निधीने त्यांना जे थोडेफार मिळाले, ते लढून मिळाले; त्याची आम्हांस लाज नाही. पण ज्या खोलीत सूप मांडीवर घेऊन दिवसभर हजार विड्या वळावयाच्या, त्याच खोलीत तान्हे मूल निजते आणि तंबाखूची धूळ खाते. तिच्या पोटाची ढाल करून आम्ही तिच्याच नवऱ्याच्या तोंडाचा पुरावा नाकारला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रण कराराला भारताने २००४ साली मान्यता दिली. त्याच्या १७ व्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना व शेतकऱ्यांना परवडेल असा पर्यायी रोजगार द्यावा, असे लिहिले आहे. म्हणजे आमची मागणी अकरा वर्षे छापून पडली होती आणि आम्ही चित्राशी भांडत होतो. आता मागणीपत्रात हे कलम आम्ही पहिले घालतो. ती बाई आजही विड्या वळते. नवरा त्याच पावसाळ्यात गेला. मागणीपत्राची प्रत तिला वाचून दाखविली, तेव्हा तिने एवढेच विचारले, की दुसरे काम हजारावर मिळणार की रोजावर.