भिंतीतले भोक

वर्गात अंदलुसचा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, 1492 साली ग्रॅनाडा गेल्यावर तिथे आपले काय उरले? आम्ही अल-हम्रा सांगतो, स्पॅनिश भाषेतले अरबी शब्द सांगतो. एक उत्तर मात्र आम्हाला इंग्लंडच्या एका लोकनृत्यात सापडले.

या नृत्याचे नाव ‘होल इन द वॉल’, म्हणजे भिंतीतले भोक. पुरुष एका रांगेत, स्त्रिया समोरच्या रांगेत. पहिली जोडी दुसरीला बाहेरून वळसा घालून मधून जागेवर परत येते, मग दुसरी जोडी तसेच करते. त्यानंतर समोरच्या कोपऱ्यांतले दोघे जागा बदलतात, चौघे हात धरून अर्धे वर्तुळ फिरतात आणि पहिली जोडी एक घर खाली सरकते.

अशी नृत्ये जॉन प्लेफर्ड या पुस्तकविक्रेत्याने 1651 साली छापायला सुरुवात केली. त्याच्या पुस्तकात सुरावट आणि चारदोन ओळींच्या सूचना असत. पाऊल कसे टाकायचे, वेग किती ठेवायचा, याचा उल्लेख नसे. पुढे ही नृत्ये मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने ती जुनी पाने वाचून त्यांना पुन्हा पाय दिले आणि 1911 मध्ये लोकनृत्यांसाठी संस्था काढली. आज ‘होल इन द वॉल’ बहुधा संथ, डोळ्याला डोळा देत नाचतात. 2007 च्या ‘बिकमिंग जेन’ चित्रपटात तरुण जेन ऑस्टिन ते नाचते. 1775 साली जन्मलेल्या लेखिकेच्या काळात हे नृत्य जवळजवळ शंभर वर्षांचे झाले होते! म्हणजे आपण ज्याला अस्सल जुने म्हणतो, त्यात आजचा हात बराच असतो.

आता सुरावटीकडे येऊ. ती हेन्री पर्सेलची. 1695 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी, त्याने ‘अब्दलाझर’ या नाटकासाठी ती रचली. मूळ नाटक आफ्रा बेन या लेखिकेचे, 1676 सालचे. नायक मूर, फासच्या सुलतानाचा मुलगा. स्पेनच्या राजाने बापाचे राज्य घेतलेले, म्हणून मुलगा सूडाने पेटलेला. रंगमंचावर तो कपटी, खुनी असाच उभा केला आहे. मुसलमानाचे हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

हे वाचल्यावर, खरे सांगायचे तर, आमचाही मोह झाला. वाटले, मुलांना सांगावे, बघा, इंग्रजांचे नृत्यसुद्धा आपल्याच सुरावर चालते! पण ते खोटे ठरले असते. सूर मूरांचा नाही, पर्सेलचा आहे. मूरांचे तिथे फक्त नाव होते आणि तेही बदनाम. नृत्यात तर तेही उरले नाही.

मग मुलांना सांगायचे काय? आम्ही एवढेच सांगतो : दुसऱ्याने आपले चित्र काळे रंगवले, म्हणून आपण ते सोनेरी रंगवू नये. ज्याचे श्रेय त्याला द्यावे आणि जिथे नाव पुसले गेले, तिथे ते नीट वाचून दाखवावे. भिंत आहे हे खरे, पण तिच्यात भोकही आहे. त्यातून दोन्ही बाजूंनी पाहता आले पाहिजे.