आपल्या मीटररूमचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या जुन्या आठवणी लिहा, असे सेक्रेटरींनी सांगितले. गणेशोत्सव, बोअरवेल, रंगकाम यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी मीटररूमबद्दल लिहितो, कारण त्यात माझी एक चूक आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा प्रत्येक फ्लॅटला एक मीटर आणि चिनीमातीचा किटकॅट फ्यूज, एवढाच सरंजाम होता. घरात फ्रिज, टीव्ही, दोन-तीन पंखे; गिझर एखाद्याकडेच. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, तरी आपण अजून ‘एमएसईबीचं बिल’च म्हणतो. भारनियमनाच्या त्या काळात इन्व्हर्टर आले, मागोमाग एसी आले. भार वाढत गेला, वायरी मात्र त्याच राहिल्या.

२००९ च्या उन्हाळ्यात मेन केबल बदलायचे ठरले. मी खजिनदार होतो. तीन कोटेशने आली. सर्वांत कमी दराच्या माणसाने लायसन्सची झेरॉक्स दिली, ती मी फाइलला लावली आणि काम दिले. बँकेत मूळ कागद पाहिल्याशिवाय मी कधी कर्जाचा प्रस्ताव पुढे पाठवला नाही. इथे मात्र पैसे वाचल्याच्या आनंदात तारीखसुद्धा वाचली नाही.

त्याच दिवाळीत, पाडव्याच्या रात्री मीटररूममधून धूर आला. आपला वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला. पाणी टाकू नका, असे कोणी ओरडेपर्यंत त्याला झटका बसला होता. उजवा हात भाजला. तो वाचला, पण त्याची दोन बोटे पुढे कधी नीट वळली नाहीत.

नंतर जाणकाराला दाखवले. ॲल्युमिनियम केबलच्या टोकाला लग क्रिम्प न करता तारा नुसत्या पिळून नटाखाली आवळल्या होत्या. असा सांधा सैल होतो, भार वाढला की तापतो. अर्थिंगची पट्टी जोडलेलीच नव्हती. मग मी ती झेरॉक्स काढली. लायसन्स दुसऱ्याच्या नावाचे होते, आणि मुदत संपून दोन वर्षे झाली होती. वार्षिक सभेत मी हे उभे राहून सांगितले. कोणी काही बोलले नाही, तेच जास्त लागले.

त्यानंतर मी नियम वाचले. ही अट काही नवीन नव्हती. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम हेच सांगत होता. पुढे २००३ चा वीज कायदा आला, २०१० चे सुरक्षा विनियम आले, त्यांच्या जागी २०२३ चे आले. पण मूळ गोष्ट तीच राहिली. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचे. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि हत्यार हातात धरणाऱ्या वायरमनकडे त्याचा स्वतःचा परवाना हवा. म्हणजे कागद एक नव्हे, तीन. आपल्या राज्यात ते अनुज्ञापक मंडळ देते.

तेव्हापासून कमिटीने एक पद्धत घातली. मूळ लायसन्स पाहायचे. नाव, नंबर, मुदत रजिस्टरात उतरवायची. कोटेशनवरचे नाव आणि लायसन्सवरचे नाव जुळले पाहिजे. शंका आली तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारायचे. आधी केलेल्या दोन-तीन सोसायट्यांची नावे घेऊन तिथे स्वतः जाऊन यायचे. फोनवर सगळेच ‘चांगला आहे’ म्हणतात. काम झाल्यावर इन्सुलेशन व अर्थिंगचा सहीनिशी चाचणी अहवाल घ्यायचा आणि तो हातात आल्याशिवाय शेवटचा चेक द्यायचा नाही. २०११ साली सगळे काम पुन्हा करून घेतले, ते असेच. त्यानंतर आजवर मीटररूममध्ये ठिणगी पडलेली नाही.

आता पार्किंगमध्ये गाड्यांचे चार्जिंग पॉइंट आणि गच्चीवर सोलर यांची बोलणी चालू आहेत. भार पुन्हा वाढणार, पुन्हा तीन कोटेशने येणार. नव्या कमिटीतल्या तरुण मंडळींना एवढेच सांगतो: रजिस्टर ऑफिसच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. पहिल्या पानावर ती जुनी झेरॉक्स मी मुद्दाम चिकटवली आहे. तिच्यावरची तारीख एकदा वाचा.