पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन (१९३९) : प्रवेश आणि बहिष्कार

पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन २ ते ४ जुलै १९३९ या काळात न्यूयॉर्क येथे भरले. त्या वर्षी त्याच शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनावरून ‘जागतिक’ हे विशेषण घेण्यात आले. सुमारे २०० वाचक, लेखक व संपादक उपस्थित होते. चित्रकार फ्रँक पॉल हे सन्माननीय पाहुणे होते. तथापि, राजकीय पत्रके वाटून गोंधळ होईल या भीतीने आयोजकांनी डाव्या विचारांच्या ‘फ्युचुरियन’ गटातील सहा जणांना प्रवेश नाकारला. त्याच गटातील १९ वर्षांचे आयझॅक ॲसिमॉव्ह यांना मात्र प्रवेश मिळाला. नाकारलेल्यांपैकी फ्रेडरिक पोल व डोनाल्ड वोलहाइम पुढे या साहित्यप्रकाराचे प्रमुख संपादक झाले. म्हणूनच या संमेलनाचा इतिहास लिहिताना उपस्थितांइतकीच दाराबाहेर राहिलेल्यांचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.